टाउन हॉल, कनवा आणि ब्रह्मपुरी : कोल्हापुरातली जुनी म्युझियम आणि वाचनालयं बघायची कशी

बहुतेक कोल्हापूरकरांनी टाउन हॉल पहिल्यांदा बघितलेला असतो तो सीपीआर हॉस्पिटलमध्ये कोणीतरी ॲडमिट असताना. माझंही तसंच. आज्जी वॉर्डात, भेटायची वेळ व्हायला दीड तास, बाहेर ऊन मरणाचं, मग काका म्हणाले जा पलीकडं टाउन हॉलच्या म्युझियममध्ये, सावली तरी आहे. गेलो. त्या दिवशी मला तिथं वीतभरही उंची नसलेला एक ग्रीक देव भेटला आणि तेव्हापासून मी या भागात फिरतोय ते फिरतोयच.

तर हे लिहायचं कारण असं की पाहुणे आले की आपण त्यांना अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि मिसळ एवढं दाखवतो, फार तर न्यू पॅलेस, आणि तोही कसा तर पाऊण तासात भरलेला वाघ बघून बाहेर. सीपीआर ते भवानी मंडप हा जो दीडेक किलोमीटरचा पट्टा आहे त्यात आणि त्याच्या आजूबाजूला केवढं काय आहे ते आपल्यालाच माहीत नसतंय. मी इतिहासाचा प्राध्यापक बिध्यापक नाही, पण दहा-बारा वर्षं जाऊन जाऊन एक पद्धत बसलीय ती सांगतो.

पद्धत एका वाक्यात अशी : म्युझियम बघायला जाऊ नका, एक प्रश्न घेऊन जा, आणि तो प्रश्न म्युझियममधून वाचनालयात आणि वाचनालयातून प्रत्यक्ष जागेवर न्या. सगळी दालनं बघून काढायची म्हटलं की तिसऱ्या दालनात पाय दुखायला लागतात आणि तलवारी सगळ्या सारख्याच दिसतात. एक वस्तू धरली की मात्र दिवस पुरत नाही.

आधी इमारत, बाहेरून

टाउन हॉलला थेट तिकीट काढून आत घुसू नका. बागेत दहा मिनिटं थांबा. काळ्या दगडातली इमारत, पुढं दोन सुळक्यासारखे मनोरे, उतरतं छप्पर, टोकदार कमानी, ही गॉथिक धाटणी. १८७२ ते १८७६ च्या दरम्यान बांधली आणि आराखडा मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा. आता गंमत बघा, याच माणसानं समोरच्या सीपीआरचा म्हणजे त्या वेळच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा आराखडा केला आणि न्यू पॅलेसचाही त्याचाच, बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेसही त्याचाच. तो १८८१ ला वारला, म्हणजे न्यू पॅलेस १८८४ ला पुरा झाला तो त्यानं बघितलाच नाही. म्हणून टाउन हॉल आणि न्यू पॅलेस एकाच दिवशी बघणार असाल तर क्रम हाच ठेवा, आधी टाउन हॉल मग पॅलेस. मँट टाउन हॉलमध्ये अजून विलायतेतलंच बांधतोय असं वाटतं, आणि पॅलेसपर्यंत येताना त्याच्यात घुमट, छत्र्या, नक्षीचे खांब, मधोमध अष्टकोनी घड्याळाचा मनोरा असं सगळं आपल्याकडचं मिसळलेलं दिसतं. दहा वर्षांत एका माणसाचा हात कसा बदलला ते दोन इमारतीत दिसतंय, पुस्तक लागत नाही.

बागेत मूर्ती आणि कोरीव दगड मांडलेले आहेत त्यांच्याकडं लोक सेल्फीची बॅकग्राउंड म्हणून बघतात. कुठं वीरगळ दिसला की थांबा. वीरगळ वाचायचा तो खालून वर. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवणाऱ्यांशी झटापट आणि वीर पडलेला, त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि अगदी माथ्यावर चंद्र सूर्य, म्हणजे जोवर ते आहेत तोवर याचं नाव राहील. एकदा हे कळलं की आपल्या भागात गावोगाव देवळाबाहेर शेंदूर फासून ठेवलेले दगड वाचता यायला लागतात. माझ्या मामाच्या गावात ज्याला आम्ही लहानपणी नुसताच देव म्हणून पाया पडत होतो तो वीरगळ निघाला.

आत गेल्यावर : पोसायडन कुठाय ते विचारा

आत तोफा बंदुका, तलवारी, हस्तिदंताचं काम, चंदनाचं काम, चित्रं, नाणी, मूर्ती असं सगळं आहे. पहिल्या खेपेला हे सगळं सोडा. सरळ विचारा, ब्रह्मपुरीच्या वस्तू कुठं आहेत? कारण हे म्युझियम निघालंच त्यामुळं.

पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरी म्हणून टेकाड आहे, घाटापासून चालत जाण्यासारखं. १९४० च्या दशकात तिथं खोदताना ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, राजाराम कॉलेजच्या प्रा. कुंदणगारांनी त्यावर काम केलं, मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं पद्धतशीर उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी. आणि हे सापडलेलं ठेवायचं कुठं म्हणून १९४६ साली म्युझियम सुरू झालं, नंतर ते टाउन हॉलमध्ये आलं.

त्या साठ्यात एक छोटासा ब्राँझचा पुतळा आहे, पोसायडनचा. ग्रीकांचा समुद्राचा देव. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, रोमन जगात ओतलेला हा देव पंचगंगेच्या काठावर एका वस्तीत होता. समुद्राचा देव, आणि कोल्हापूरला समुद्र कुठाय? इथून घाट उतरून कोकणात जायला आजही तीन-चार तास लागतात. तर तो आला कसा? हा झाला तुमचा प्रश्न. आता बघा आजूबाजूला, त्याच साठ्यातलं रोमन धाटणीचं भांडं, ब्राँझचा आरसा, आणि त्याच जमिनीतून आलेला अस्सल आपल्याकडचा हत्ती वर स्वार बसलेले. परदेशी माल आणि देशी माल एकाच घरात. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाटातून वर यायचा, इथल्या बाजारातून देशावर जायचा, त्या वाटेवर हे गाव होतं. म्हणजे आत्ता जो उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, माल येतो जातो ते काय नवीन नाही.

मूर्तीसमोर उभं राहून काय करायचं ते पण सांगतो कारण नुसतं बघा म्हणून उपयोग नाही. आधी पाटी वाचू नका. दोन मिनिटं नुसतं बघा, उभा कसा आहे, वजन कुठल्या पायावर आहे, हातात काय असावं. आपल्याकडच्या मूर्ती समोरून बघायच्या असतात, हा जरा बाजूनं पण बघा, कंबर वळलेली आहे, अंग सैल सोडलंय. मग पाटी वाचा. मग वहीत, हो वहीतच, वेडंवाकडं चित्र काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही, काढायला लागल्यावर डोळ्याला जे दिसतं ते मोबाईलमध्ये दिसत नाही. शिवाय फोटोचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये तर आत फोटोला बंदीच आहे, तेव्हा वहीची सवय बरी. गेटवर विचारून घ्या आणि नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका, तिथला शिपाई नियम करत नाही.

माझ्या बायकोला पोसायडनमध्ये काडीचा रस नव्हता, ती ब्रह्मपुरीच्या काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांवर थांबली. त्या जास्त अलीकडच्या, बहामनी काळातल्या थरातल्या. रंग बघ म्हणाली, हिरवा, निळा, पिवळ्या रेघा. मग तिचा प्रश्न झाला की सौभाग्याची बांगडी काचेची कधीपासून झाली. खूप चांगला प्रश्न आहे आणि माझ्या प्रश्नापेक्षा तिचाच जास्त लांब गेला.

बहुतेक सरकारी म्युझियम सोमवारी बंद असतात आणि सणाच्या सुट्ट्या वेगळ्या, त्यामुळं सोमवार सोडून जा. रविवारी शाळेच्या सहली असतात, जोरात आरडाओरडा, पण पोरं खरे प्रश्न विचारतात ते ऐकायला मजा येते. निवांत बघायचं असेल तर मधल्या वारी सकाळी.

आता वाचनालय

टाउन हॉलमधून बाहेर पडून भाऊसिंगजी रोडनं सरळ चालायला लागा. महापालिका, माळकर तिकटी, शिवाजी चौक करत भवानी मंडपाकडं. रिक्षा करू नका, या रोडवर चालणारा माणूस रिक्षाच्या आधी पोचतो. भवानी मंडपाच्या जवळच करवीर नगर वाचन मंदिर, म्हणजे आपलं कनवा.

कनवा १८५० चं. तेव्हा नाव होतं कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी. १८५० म्हणजे काय ते डोक्यात यावं म्हणून सांगतो, कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, टाउन हॉल नव्हता, न्यू पॅलेस नव्हता, शाहू महाराजांचा जन्म व्हायला अजून चोवीस वर्षं होती. त्या वेळी गावात वाचनालय होतं! १७५ वर्षं होऊन गेली आणि अजून तिथं रोज सकाळी पेपर वाचायला मंडळी येऊन बसतात. याच गावात न्यायमूर्ती रानडे लहानपणी शाळेला होते, नामदार गोखले राजाराम हायस्कूलमध्ये शिकले.

अजून एक गोष्ट जी कोल्हापूरकरांनी छाती फुगवून सांगायला पाहिजे आणि कोणीच सांगत नाही, कारण आपण कुस्ती आणि तांबडा-पांढऱ्यातच अडकलोय. भारतात सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा कुठं झाला? मुंबईत नाही, मद्रासला नाही. कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. मद्रासचा १९४८ चा, तो स्वातंत्र्यानंतरचा पहिला. आपलं संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदा मागं पडला, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा यायला १९६७ उजाडलं. आज वाचनालयाच्या बोर्डवर तालुका अ, जिल्हा ब असं लिहिलेलं दिसतं ना, ते वर्ग या १९६७ च्या कायद्याच्या व्यवस्थेतले, त्यावर अनुदान ठरतं.

वाचनालयात पहिल्यांदा जाणाऱ्याला लै लाज वाटते, मी बघितलंय, दारात उभं राहून परत जातात. म्हणून बारीकसारीक सांगतो. पेपर आणि मासिकं वाचायला बसायचं तर बहुतेक जुन्या वाचनालयात मेंबर असावं लागत नाही, मुक्तद्वार विभाग असतो, जायचं, रजिस्टर असेल तर सही करायची, बसायचं. पुस्तक घरी न्यायचं तर मेंबर व्हायला लागतं, फॉर्म, फोटो, आधारची झेरॉक्स, अनामत आणि महिन्याची वर्गणी. वर्गणीचे आकडे बदलत असतात म्हणून लिहीत नाही, पण हॉटेलात चौघं जेवायला जाऊन जेवढं बिल होतं त्यात वर्ष निघतं असं धरून चाला. अनामत परत मिळते, पावती जपून ठेवा. ही पावती हरवून मी एका वाचनालयात, नाव नको, तीन खेपा घातल्यात.

देवघेव विभाग म्हणजे जिथं पुस्तकं बदलून मिळतात तो काउंटर. तिथं गर्दी संध्याकाळी. संदर्भ विभाग वेगळा, तिथली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथंच बसून वाचायची. आपल्याला काम आहे ते या संदर्भ विभागात.

आता पोसायडनचा प्रश्न घेऊन तिथं गेल्यावर काय बोलायचं? "काहीतरी इतिहासाचं द्या" असं म्हणू नका, समोरचा माणूस तुम्हाला ऐतिहासिक कादंबरी देईल आणि त्यात त्याची चूक नाही. विषय, जागा आणि काळ तिन्ही सांगा. "ब्रह्मपुरीच्या उत्खननावर काय आहे का, १९४५ च्या, डेक्कन कॉलेजचा रिपोर्ट नाहीतर त्यावर आलेले मराठी लेख." तो रिपोर्ट १९५२ साली छापलाय, इंग्रजीत आहे, रुक्ष आहे, पण चित्रांची पानं आणि थरांचे नकाशे बघितले तरी निम्मं कळतं. तो नसेल तर कोल्हापूरचा गॅझेटियर, म्हणजे सरकारनं छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, मागा. जुना १८८६ चा आहे, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड, आणि नंतरचा १९६० चा जिल्हा गॅझेटियर. १८८६ च्यात ब्रह्मपुरीचं उत्खनन अर्थातच नाही पण गावं, पेठा, तळी, बाजार, जाती, धंदे सगळं आहे, मी त्यात माझं गाव शोधलं आणि त्या पानावर एक तास गेला. त्याच्याही आधी १८५४ साली मेजर ग्रॅहमचा कोल्हापूर संस्थानावरचा रिपोर्ट आलाय.

जुन्या मासिकांचे बांधीव खंड विचारायला विसरू नका. पुस्तकं सगळीकडं मिळतात, पण साठ सत्तर वर्षांपूर्वीच्या मासिकाचा अख्खा वर्षाचा गठ्ठा बांधून ठेवलेला फक्त अशा जुन्या वाचनालयात मिळतो. त्यातल्या जाहिराती वाचा. साबणाच्या, सायकलीच्या, नाटकाच्या. लेखापेक्षा जाहिरातीत ते गाव जास्त दिसतं.

आणि दोन चार गोष्टी पाळा. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, आपल्याकडं ही सवय लै आहे. जुना कागद कडक झालेला असतो, कोपऱ्यातून उचला नाहीतर तुकडा हातात येतो. पेन नको, पेन्सिल घ्या. कसर लागलेलं पुस्तक दिसलं तर गप्प ठेवून देऊ नका, काउंटरवर सांगा, एकाची कसर शेजारच्या दहाला लागते. झेरॉक्स मागण्याआधी विचारा कारण जुनं पुस्तक काचेवर उपडं दाबलं की शिवण सुटते, त्यापेक्षा परवानगी घेऊन मोबाईलनं पान टिपलं तर पुस्तकाला बरं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रंथपाल आणि तिथले जुने कर्मचारी यांच्याशी ओळख करा. कपाटाबाहेरच्या यादीत जे सापडत नाही ते त्यांच्या डोक्यात असतंय. दोन-तीनदा जा, पुस्तक वेळेवर परत करा, एकदा का त्यांना कळलं की हा नुसता टाइमपास करायला येत नाही की मग "थांबा जरा" म्हणून आतून काहीतरी घेऊन येतात. मला मिळालेल्या चांगल्या गोष्टींपैकी निम्म्या त्या "थांबा जरा" मधनं आल्यात.

मग ब्रह्मपुरीला जा

हे लोक करतच नाहीत. म्युझियम झालं, वाचलं, आता ती जागा बघा. संध्याकाळी पंचगंगा घाटावर जा, तिथून ब्रह्मपुरी. आता वस्ती आहे, घरं आहेत, तुम्हाला खड्डे बिड्डे काही दिसणार नाहीत, आणि लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका. पण टेकाड का निवडलं असेल ते लगेच कळतं. २०१९ चा महापूर ज्यानं बघितलाय त्याला तर सांगायलाच नको, नदी इथं काय करते ते. नदीच्या उशाला पण पाण्याच्या वर, आणि समोर पन्हाळ्याकडून कोकणात जायची दिशा. तिथं उभं राहिल्यावर त्या छोट्या पोसायडनचा प्रवास नकाशावर न काढता कळतो. पावसाळ्यात मात्र घाटावर उतरू नका.

न्यू पॅलेस, पण घाईत नाही

छत्रपती शहाजी म्युझियम म्हणजे न्यू पॅलेसचा खालचा भाग, १९७४ साली लोकांना खुला झाला. वर राजघराण्याचं निवासस्थान आहे, म्हणजे ही राहती वास्तू आहे हे लक्षात ठेवून वागा. सगळे वाघ, बिबटे, अस्वलं बघतात, औरंगजेबाची म्हणून दाखवतात ती तलवार बघतात. तुम्ही दरबार हॉलमध्ये वेळ काढा. खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. म्हणजे बघा, रंगीत काचेत चित्रं काढायची पद्धत चर्चची, इमारत इंग्रजाची आणि काचेवर शिवाजी महाराज. ऊन असताना जा, ढगाळ दिवशी काच मेलेली असते.

भरलेल्या प्राण्यांसमोर पोरं घाबरतात नाहीतर हसतात. त्यांना सांगा की कोल्हापुरात चित्ते पाळून शिकारीला नेत होते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, ते इथल्या गल्लीत राहायचे. मग पोरगं एकदम गप्प होतं आणि विचारतं चित्ता काय खायचा. चांगलं आहे, तोही प्रश्नच.

शाहू महाराजांसाठी जायचं असेल तर पॅलेसवर थांबू नका, कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेस, तिथं २६ जून १८७४ चा त्यांचा जन्म. आणि परत येताना दसरा चौकात उतरा. पुतळ्याला नमस्कार सगळे करतात, पण चौकाच्या आजूबाजूच्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. गावातली पोरं शिकायला शहरात आली तर राहणार खाणार कुठं, हा साधा प्रश्न त्या माणसानं प्रत्येक समाजासाठी सोडवला, त्याच्या इमारती अजून उभ्या आहेत. हे माझ्या दृष्टीनं उघड्यावरचं म्युझियम आहे आणि तिकीट नाही. तिथंच शाहू स्मारक भवन, कलादालनात कायम काही ना काही प्रदर्शन चालू असतं, इथल्या आर्टच्या पोरांची चित्रं बघायला मिळतात.

चित्रांचा फेरा

दुसऱ्या दिवशी हा करा, किंवा ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी आधी हाच करा. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही पण म्हणणाऱ्यांना विचारा चार चित्रकारांची नावं, अडखळतात. टाउन हॉलमध्ये परत जा, यावेळी फक्त चित्रं. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर. आबालाल हे शाहू महाराजांच्या आश्रयातले, कोटितीर्थाच्या काठाला राहायचे, १९३१ ला गेले. त्यांनी ढिगानं कामं केली आणि त्यातली बरीचशी नाहीशी झाली, म्हणून जे आहे ते नीट बघा. पाणी आणि सकाळचा उजेड या माणसाला जसा दिसलाय तसा आपल्याला दिसत नाही. बघून झालं की कोटितीर्थावर जाऊन या, आता तळ्याची अवस्था बघून जीव तुटतो ते वेगळं.

मग राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. हे म्हणजे त्यांचा स्वतःचा बंगला, 'निसर्ग' नावाचा, त्यांनीच आपल्या चित्रांसह सरकारला देऊन टाकला. लोक त्यांना सिनेमातला राजबिंडा हिरो म्हणून ओळखतात, पण ते बाबूराव पेंटरांच्या तालमीतले चित्रकार. पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रं जवळून बघा, ब्रश नाही, रंगाची पूड बोटांनी घासून केलेलं काम. घरातलंच म्युझियम असल्यामुळं गर्दी नसते, कधी कधी तुम्ही एकटेच असता आणि पंख्याचा आवाज येत असतो.

नाट्यगृह म्हटलं तर केशवराव भोसले. १९१५ चं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग मैदान. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा रात्रभर माणसं रस्त्यावर उभी होती, मोठी मोठी माणसं रडत होती. त्यावर जास्त लिहवत नाही.

ज्यांना खोलात जायचंय

शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, तिथं जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. बाहेरच्या माणसाला ओळखपत्र आणि बहुतेक वेळा अर्ज लागतो, कशासाठी बघायचंय ते आधी कळवून जा. विद्यापीठातच वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. १९७४ चं ज्ञानपीठ मिळवणारा लेखक, मराठीतलं पहिलंच ज्ञानपीठ ते. शेवटी दृष्टी गेली तरी सांगून लिहून घ्यायचे. त्यांच्या वस्तू, पत्रं बघताना मला एवढंच वाटलं की इतक्या साध्या टेबलावर एवढं सगळं झालं.

आणि पुरालेखागार. कोल्हापूर संस्थानाचं दप्तर इथं सरकारी पुरालेखागारात आहे. इथं मात्र सहज चक्कर म्हणून जाऊन उपयोग नाही. कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, आणि जुने कागद मोडीत. माझ्या पणजोबाची जमीन कुठं होती ते बघायचंय असं सांगितलं तर कर्मचारी तरी काय करणार, लाखो कागद. गाव, साल आणि पेटा एवढं घेऊन जा. संस्थानात तालुक्याला पेटा म्हणायचे, आजचा तालुका आणि तेव्हाचा पेटा एकच असेल असं धरू नका, ते गॅझेटियरमध्ये बघून घ्या. बघा, परत वाचनालयातच यावं लागलं.

मोडी शिकायची असेल तर घाबरू नका. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला लोंबकळत, हात न उचलता लिहीत जायचं, अशी ती लिपी. अक्षरं ओळखायला महिना पुरतो, माणसागणिक बदलणारं वळण वाचायला मात्र वर्षं जातात. सुरुवात आपल्या घरातल्या कागदापासून करा, माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं जुनं खरेदीपत्र सापडतंच. मला सापडलेला पहिला मोडी कागद आठ दिवस बसून वाचला, वाटलं होतं वतनाची सनद असेल, निघाली ती म्हशीच्या उसनवारीची चिठ्ठी.

पोरं बरोबर असतील आणि ती या सगळ्याला कंटाळली तर एक दिवस कणेरी मठाला न्या. सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम आहे, बारा बलुतेदार, मोट, खळं, सगळं सिमेंटच्या पुतळ्यात खऱ्या आकाराचं. पुतळे आहेत, जुन्या वस्तू नव्हेत, पण आजोबा बरोबर असले तर तेच गाइड होतात आणि मग त्यांना आवरणं अवघड जातं. सुट्टीच्या दिवशी गर्दी मरणाची, सकाळी दार उघडायलाच पोचा. पाणी आणि टोपी घ्या, उन्हात चालायचं लै आहे.

वेळेचं म्हणाल तर टाउन हॉल, कनवा आणि ब्रह्मपुरी मिळून एक दिवस. सकाळी म्युझियम, दुपारी जेवून वाचनालयात बसा, जेवण हलकं करा नाहीतर पांढरा रस्सा पिऊन संदर्भ विभागात डोळा लागतो आणि तिथले म्हातारे तुमच्याकडं बघून हसतात. संध्याकाळी घाट. परत येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन मग घरी.